गाडीलगतचे पाल : कापड, दोर आणि वारा



दसरा सरला, दिवाळी जवळ आली, की बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. ऊसतोडीचा हंगाम सुरू होत असतो. गाडीत धान्याची पोती, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, एखादी शेळी, चार कोंबड्या असतात. आणि या सर्वांवर गुंडाळलेली एक ताडपत्री असते. वाटेत मुक्काम पडला, की ताडपत्रीची एक कड ट्रॉलीच्या फळीला बांधायची, दुसरी कड खुंट्यांनी जमिनीला जखडायची. दहा मिनिटांत रात्रीपुरते पाल तयार होते. पुढे फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर पोचल्यावर बांबू, तट्टे आणि ताडपत्री यांची कोपी उभी राहते. तिच्यात पाच-सहा महिने काढायचे असतात.

युरोप-अमेरिकेत हौशी प्रवासी मोटारीमागे लहानसे चाकांचे घर जोडून फिरायला जातात. त्या घराच्या कुशीलाही असेच कापडी पाल बांधतात. ते वाऱ्याने पडले, तर सहल आटोपून ते घरी जातात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मात्र तेच घर असते. त्यात तान्हे मूल असते, हंगामाचे धान्य असते. म्हणून पाल कोणते घ्यावे आणि कसे बांधावे, हा प्रश्न आपल्याकडे अधिक जिव्हाळ्याचा आहे. त्याचे उत्तर तुमच्या शाळेतल्या पदार्थविज्ञानात बरेचसे सापडते. ते कसे, हे आपण पाहू या.

पालाची चार कामे

पालाने पाऊस बाहेर ठेवला पाहिजे, वाऱ्याला टिकले पाहिजे, रात्रीची थंडी अडवली पाहिजे, आणि आतली वाफ व धूर बाहेर जाऊ दिला पाहिजे. गंमत अशी, की ही कामे एकमेकांच्या आड येतात. पाणी मुळीच न झिरपणारे कापड घेतले, तर आतली वाफही बाहेर जात नाही. धूर जावा म्हणून बाजू उघडी ठेवली, तर वारा आत शिरतो. उंच पालात मोकळे उभे राहता येते. पण उंच पाल वाऱ्याला अधिक अंग देते. एकच कापड ही चारही कामे उत्तम करील, अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. निवड करायची, ती हा मेळ घालण्यासाठी.

सुती की प्लॅस्टिक?

सुती ताडपत्री म्हणजे जाड विणीच्या कापडाला मेण किंवा तत्सम द्रव्य चढवून तयार केलेले कापड. त्यात सूक्ष्म छिद्रे असतात, तरी पाणी आत का येत नाही? एक प्रयोग करा. पेला काठोकाठ पाण्याने भरा, त्यावर ओला सुती रुमाल ताणून बांधा आणि पेला झटकन उलटा करा. पाणी सांडत नाही. बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला तोलून धरतो आणि रुमालाच्या छिद्राछिद्रांत पाण्याच्या पृष्ठताणामुळे जणू ताणलेला पडदा तयार झालेला असतो. त्यातून पाणी खाली ओघळत नाही.

सुती पालावर पाऊस पडतो, तेव्हाही पृष्ठताण पाण्याला छिद्रांपाशी थोपवून धरतो. शिवाय भिजल्यावर सुताचे धागे फुगतात आणि छिद्रे अधिकच बारीक होतात. पण भिजलेल्या पालाला आतून बोट किंवा डोके घासले, की तो पडदा मोडतो आणि तेथून ठिबकायला सुरुवात होते. म्हणून आपल्याकडची जुनी माणसे मुलांना दटावतात, की पावसात पालाला हात लावू नका. धनगराची घोंगडी पाऊस बराच वेळ थोपवते, त्यामागेही लोकरीतला नैसर्गिक तेलकटपणा आणि हाच पृष्ठताण असतो.

प्लॅस्टिकची ताडपत्री निराळी. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबाखाली पॉलिथिन तयार करण्याची पद्धत शोधून काढली. या शोधामुळे अधिक घनतेचे, अधिक मजबूत पॉलिथिन मिळू लागले. झिग्लर यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज बाजारात मिळणारी बहुतेक ताडपत्री म्हणजे अशा पॉलिथिनच्या पट्ट्यांचे विणलेले कापड असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ते हलके असते, पाणी पीत नाही, कुजत नाही. मात्र त्यातून वाफ मुळीच जात नाही; उन्हातील अतिनील किरणांनी त्याचे लांब रेणू तुटत जातात आणि कापड ठिसूळ होते. काळ्या ताडपत्रीतील काजळी हे किरण शोषून घेते, म्हणून ती सहसा अधिक काळ टिकते. पण दुपारी तापतेही अधिक.

ताडपत्रीचा दर्जा कसा ओळखावा? तिचे दर चौरस मीटरला वजन किती, हे पाहावे. समजा, ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद ताडपत्री किराणा दुकानाच्या काट्यावर १.८ किलोग्रॅम भरली. क्षेत्रफळ १२ चौ. मी. म्हणजे दर चौ. मी. ला १५० ग्रॅम. त्याच मापाची दुसरी २.४ किलोग्रॅम भरली, तर २०० ग्रॅम. दोन्हींची जात सारखी असेल, तर दुसरी अधिक दणकट. त्याच मापाच्या, दर चौ. मी. ला ४०० ग्रॅम भरणाऱ्या सुती ताडपत्रीचे वजन ४.८ किलोग्रॅम होईल, आणि भिजल्यावर त्याहून पुष्कळ वाढेल. रोज मुक्काम हलवायचा असेल, तर हा फरक हाताला जाणवतो. विकत घेताना ताडपत्री उन्हाकडे धरून टाचणीएवढी छिद्रे दिसतात का, हेही पाहावे.

पाण्याला वाट द्या

मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस येतो, तेव्हा सपाट बांधलेल्या ताडपत्रीला पोट येते. पाणी साचले म्हणून कापड खाली झुकते, आणि झुकले म्हणून आणखी पाणी साचते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सरासरी ५ सें. मी. खोल डबके साचले, तर त्यात ५० लिटर पाणी असते. म्हणजे छपरावर ५० किलोग्रॅमचे ओझे! तेवढ्याने बांबू मोडतो किंवा कडी फाटून निघते.

उपाय सोपा आहे : पुरेसा उतार. ट्रॉलीच्या फळीवर दीड मीटर उंचीला कड बांधली आणि ताडपत्रीची तीन मीटरची बाजू तिरपी जमिनीपर्यंत आणली, तर काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याचा कर्ण ३ मीटर, उंची १.५ मीटर. ज्याच्या साइनचे मूल्य अर्धे आहे तो कोन ३० अंशांचा, हे तुम्हाला पाठ आहे. ३० अंशांच्या उतारावर, कापड ताणलेले असेल तर, पाणी थांबत नाही. आत जमिनीवर सुमारे २.६ मीटर रुंदीची जागा मिळते. घरंगळून आलेले पाणी आत येऊ नये म्हणून पालाच्या कडेने वीतभर खोल चर खणून तिचे तोंड उताराकडे काढावे.

वाऱ्याचे गणित

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिशेबासाठी एक सुटसुटीत सूत्र वापरतात : दाब = ०.६ × वेगाचा वर्ग. वेग दर सेकंदाला मीटरमध्ये घेतला, तर दाब दर चौ. मी. ला न्यूटनमध्ये मिळतो.

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वाऱ्याचा दाब दर चौ. मी. ला ६० न्यूटन. आपली १२ चौ. मी. ची ताडपत्री भिंतीसारखी सरळ उभी ताणली, तर तिच्यावर ७२० न्यूटन बल पडेल. म्हणजे जवळजवळ ७३ किलोग्रॅम वजनाइतके. तीच वर सांगितल्याप्रमाणे तिरपी बांधली, तर वाऱ्यासमोर येणारे क्षेत्र १.५ × ४ = ६ चौ. मी. आणि बल निम्मे, ३६० न्यूटन. ठेंगणे पाल वादळात का टिकते, हे यावरून लक्षात येईल.

आता वारा ताशी ७२ किलोमीटर झाला असे समजा. वळवाच्या वादळात अशी झोत येऊ शकते. वेग दुप्पट, पण बल चौपट : १४४० न्यूटन, म्हणजे सुमारे १४७ किलोग्रॅम वजनाइतके. 'काल तर टिकले होते' या भरवशावर खुंट्या ठोकू नयेत, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट छपराच्या उचलीची. छपराच्या माथ्यावरून जाताना हवेचा वेग वाढतो व तेथील दाब कमी होतो. वेग व दाब यांचा हा संबंध डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. अशा वेळी पालाची उघडी बाजू वाऱ्याकडे असेल, तर हवा आत कोंडून आतला दाब वाढतो. वरून ओढ आणि आतून रेटा, अशी दोन्ही बले एकाच दिशेने काम करतात आणि पाल शिडासारखे फुगून उखडते. पोस्टकार्ड घडी घालून त्याचे लहानसे पाल करा आणि टेबलपंख्यासमोर ठेवा. एकदा उघडी बाजू पंख्याकडे, एकदा उतरती बाजू पंख्याकडे. कोणत्या स्थितीत ते आधी उडते, याची नोंद घ्या.

तेव्हा नियम असा : उतरती पाठ वाऱ्याकडे, तोंड वाऱ्याच्या विरुद्ध. वारा कोठून येतो, हे चुलीच्या धुरावरून किंवा चिमूटभर माती सोडून कळते.

दोर आणि खुंटी

समजा, एका दोराला वाऱ्याचे ९० न्यूटन आडवे बल सांभाळायचे आहे. दोर जमिनीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर त्यातील ताण सुमारे १०४ न्यूटन होतो आणि खुंटीला वर उपटणारे बल सुमारे ५२ न्यूटन. तोच दोर जवळ खुंटी ठोकून ६० अंशांवर आणला, तर ताण १८० न्यूटन आणि उपटणारे बल सुमारे १५६ न्यूटन, म्हणजे तिप्पट! म्हणून दोर लांब सोडावा. बांधण्याची जागा जमिनीपासून एक हात उंच असेल, तर खुंटी पावणेदोन हात दूर ठोकावी. कोन आपोआप ३० अंशांचा होतो. खुंटीचे डोके पालापासून दूर झुकलेले असावे, म्हणजे दोर तिच्यावरून निसटत नाही.

काळी माती कोरडी असताना खुंटीला घट्ट धरते. पण भिजली, की लोण्यासारखी मऊ होते. अशा जमिनीत खुंटीऐवजी मातीने भरलेले पोते हातभर खोल पुरून त्याला दोर बांधावा. पोत्याचे वजन आणि त्याच्यावरच्या मातीचे वजन, दोन्ही उपयोगी पडतात. सुताचे व तागाचे दोर भिजल्यावर आखडतात, हेही ध्यानात ठेवावे. पावसाच्या आधी ते किंचित सैल केले नाहीत, तर कड्या फाटतात किंवा खुंट्या उपटतात.

कडी फाटली तर? लिंबाएवढा गोल गोटा ताडपत्रीच्या कोपऱ्यात आतून ठेवून, बाहेरून त्याच्याभोवती दोराचा फास आवळा. कडीच्या छिद्राच्या काठावर सारा ताण एका जागी एकवटतो. गोट्यामुळे तो कापडाच्या बऱ्याच धाग्यांत वाटला जातो. गाठ भक्कम होते आणि खर्च काहीच नाही.

ट्रॉलीला बांधावे की वेगळे उभारावे?

ट्रॉलीला बांधण्याचे फायदे उघड आहेत. तिचे वजन मोठे असल्यामुळे ती उत्तम आधार देते, तिच्या फळ्या वारा अडवतात, आणि दोन-तीन बांबू वाचतात. वाटेतल्या एका रात्रीसाठी यासारखी सोय नाही. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. ट्रॉलीखालच्या मोकळ्या जागेतून वारा जोराने आत येतो. तेथे तट्टा किंवा भरलेली पोती लावावीत. चाकांना पुढून आणि मागून मोठे दगड लावावेत. आणि ट्रॉलीखाली किंवा चाकांलगत कोणीही निजू नये.

तळावर मात्र ट्रॉली किंवा बैलगाडी मुक्कामाला नसते. ऊस वाहण्यासाठी ती वेळी-अवेळी, पुष्कळदा रात्रीसुद्धा, हलवावी लागते. तिला छप्पर बांधले, तर प्रत्येक खेपेला घर मोडायचे आणि पुन्हा बांधायचे. तेव्हा दीर्घ मुक्कामासाठी दोन मेढी आणि आढे यांवर स्वतंत्र उभे राहणारे, दोन पाखी छप्परच हवे. घेताना ताडपत्री एवढी मोठी घ्यावी, की वाटेत एकपाखी आणि तळावर दोनपाखी, अशी दोन्ही प्रकारे वापरता येईल.

थंडी आणि दव

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पालात निजलेल्या माणसाच्या तोंडावर थेंब पडतात. पाऊस तर नाही, मग पाणी कोठले? निजलेल्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून दर तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ बाहेर पडते. चार माणसांची आठ तासांत सव्वा लिटरहून थोडी जास्तच! इकडे निरभ्र आकाशाखाली छप्पर उष्णतेचे प्रारण करून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. असे थंड झालेल्या पृष्ठभागावर दव कसे जमते, हे विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ साली दवावरील निबंधात प्रयोगांनी दाखवून दिले. आतली वाफ थंड ताडपत्रीला लागते आणि तिचे पाणी होते.

ताडपत्री जाड घेऊन ही अडचण जात नाही. ताडपत्रीची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्या जाडीचे कापड उष्णतेला जवळजवळ मुळीच अडवत नाही. उष्णता अडवते ती स्थिर हवा. म्हणून ताडपत्रीच्या आत, तिला न चिकटवता, तीन-चार बोटे अंतर सोडून दुसरा पडदा लावावा : तट्टा, तरट किंवा जुन्या लुगड्यांची गोधडी. मधल्या हवेच्या थरामुळे छपरातून जाणारी उष्णता साधारण निम्म्यावर येते. आतला पडदा सुती असावा. त्यातून वाफ पलीकडे जाते, तिचे पाणी बाहेरच्या ताडपत्रीवर होते आणि ते उतारावरून कडेला ओघळते. निजणाऱ्यांच्या अंगावर पडत नाही.

याची खात्री करून घ्या. तीन सारखे पेले घेऊन त्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळा. तिसऱ्याभोवती कापड गुंडाळून त्याच्याबाहेर प्लॅस्टिक सैलसर बांधा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्याचे तोंडही त्याच पद्धतीने झाका. दर पाच मिनिटांनी तपमापकाने तपमान नोंदवा व आलेख काढा.

खालची जमीनही अंगातली उष्णता ओढून घेते. अंथरुणाखाली वाळलेल्या पाचटाचा वीतभर थर द्यावा. त्यातही स्थिर हवाच कोंडलेली असते. जागा निवडताना ओढ्याचा खोलगट भाग टाळावा. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती सखल जागी उतरून साचते, आणि पावसाचे पाणीही तेथेच येते.

ऊब हवी, पण कोंडमारा नको

थंडीत सर्व बाजू बंद करून आत निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याचा मोह होतो. हे कधीही करू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट जोडला जातो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि दगावतो. चूल पालाच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी. पाचट क्षणात पेटते. पॉलिथिन तर पेटल्यावर वितळून जळते थेंब खाली सांडते. म्हणून निजताना चूल पाण्याने विझवावी, आणि छपराच्या दोन्ही टोकांना माथ्यापाशी वीतभर झरोका उघडा ठेवावा. गरम, दमट हवा हलकी असल्यामुळे तेथूनच बाहेर जाते. याने थोडी ऊब कमी होते खरी, पण ती पांघरुणाने भरून काढता येते.

निवड करताना

थोडक्यात, पैसे बेताचे असतील तर ते असे वाटावेत : एक मध्यम वजनाची, पुरेशी मोठी प्लॅस्टिकची ताडपत्री, लांब, चांगले दोर, आणि आतल्या पडद्यासाठी घरातलेच जुने कापड. एकच भारी ताडपत्री घेऊन दोरांत काटकसर केली, तर पहिल्याच वादळात ती भारी ताडपत्री दुसऱ्याच्या शेतात सापडेल.

पाल कितीही शास्त्रशुद्ध बांधले, तरी ते पक्क्या घराची, स्वच्छ पाण्याची आणि जवळच्या शाळेची जागा घेऊ शकत नाही. त्या गोष्टी ऊसतोड कुटुंबांना मिळायलाच हव्यात. पण यंदाच्या हंगामात ज्यांना पालात राहायचे आहे, त्यांच्या रात्री कोरड्या आणि सुरक्षित जाव्यात, एवढे आपल्या हाती आहे. तुमच्या घरचे कोणी जाणार असेल, तर गाडी भरण्याआधी ताडपत्री काट्यावर घाला, कड्या तपासा, दोर मोजा.

तुम्ही सोडवा

१. ५ मीटर × ४ मीटर ताडपत्रीचे वजन ३ किलोग्रॅम आहे. दर चौ. मी. ला किती ग्रॅम?

२. वाऱ्याचा वेग ताशी ५४ किलोमीटर आहे. वाऱ्यासमोरचे क्षेत्र ६ चौ. मी. असेल, तर पालावर किती न्यूटन बल येईल?

३. निरभ्र रात्रीपेक्षा ढगाळ रात्री पालात दव कमी का जमते?

उत्तरे : १. १५० ग्रॅम. २. ८१० न्यूटन. ३. ढग स्वतः जमिनीकडे प्रारण परत पाठवतात, त्यामुळे छप्पर फारसे थंड होत नाही.